चाळणीआजीचे जोडे

भट्टी उघडली तेव्हा ऊन अजून अंगणात उतरायचं होतं. म्हातारीच्या मुलाने वरची राख फावड्याने बाजूला केली, झाकणाची खापरं उचलली आणि पहिला माठ दोन्ही हातांनी काढून बायकोकडे दिला. माठ कोमट होता. सुनेने सवयीने त्याला टिचकी मारली आणि कान लावला. आवाज बरोबर आला. मग तिने माठ फिरवून पाहिला. पोटापाशी नखाएवढा टवका उडाला होता आणि खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका होता.

"चुनखडी," ती म्हणाली.

"एखादा असायचाच," मुलगा म्हणाला आणि दुसरा माठ काढला.

दुसऱ्याला दोन टवके होते. तिसरा धड निघाला, चौथा नाही. दुपारपर्यंत अंगणात दोन रांगा झाल्या. धड माठांची रांग आखूड होती, आणि तीही धड राहिली नाही. सावलीत ठेवलेल्या माठांतून संध्याकाळपर्यंत टक, टक असा आवाज येत राहिला. भाजलेला चुन्याचा खडा हवेतली ओल पितो, फुगतो आणि मडक्याचं कातडं फोडून बाहेर येतो. घरातली तिघं ओट्यावर बसून तो आवाज ऐकत होती. कुणीच उठून बघायला जात नव्हतं. उन्हाळा हाच त्यांचा हंगाम होता. थंड पाण्याचा माठ लोक उन्हाळ्यातच घेतात, पुढे त्याच्याकडे ढुंकून कोण बघतो.

"ती टेकडीपलीकडची मातीच चांडाळ आहे," मुलगा म्हणाला. "आपल्या तळ्याची असती तर असं झालं नसतं."

तळ्याकाठची माती यंदा संपली होती, म्हणून टेकडीपलीकडून आणावी लागली होती. मुलाचं म्हणणं कुणालाही पटलं असतं. म्हातारी मात्र पाय पोटाशी घेऊन बसली होती, तशीच बसून राहिली.

गावात म्हातारीला चाळणीआजी म्हणत. बाकीचे कुंभार वाळलेली माती कुटून तारेच्या चाळणीने चाळत. या घरात चाळणी नव्हतीच. माती भिजवायची, राख आणि लीद घालायची आणि म्हातारीने ती अनवाणी पायांनी तुडवायची. मोहरीएवढा खडा जरी पायाखाली आला तरी ती थांबायची, वाकायची, दोन बोटांनी खडा उचलून बाहेर फेकायची आणि पुन्हा तुडवायला लागायची. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच. नवरा गेला, मुलगा चाकावर बसला, सून आली, पण चिखलातली जागा तिने सोडली नाही. सुनेने पाणी वाहावं, लाकूडफाटा आणावा, माठ थापटावे. तुडवणं म्हातारीचं.

"मी शहरात गेलो की चाळणी घेऊन येतो," मुलगा म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो माठांकडे बघून बोलत होता.

म्हातारी उठली आणि आत गेली. चालताना तिचा हात भिंतीला लागून होता, हे सुनेने पाहिलं.

थोड्या वेळाने सून पाण्याची बादली घेऊन आत गेली. रोज संध्याकाळी ती सासूचे पाय धुऊन द्यायची. म्हातारीला वाकायला जड जात होतं, आणि सुनेलाही दिवसभरातली तेवढीच एक बसायची वेळ मिळायची. ते पाय काही दिसायला सुरेख नव्हते. अंगठा शेजारच्या बोटावर चढला होता आणि त्याच्या मुळाशी लिंबाएवढी गाठ आली होती. मधलं बोट आकड्यासारखं वाकलं होतं. टाचांच्या भेगांत माती इतकी मुरली होती, की ती धुऊन निघेल अशी आशा दोघींनीही सोडली होती. घोटे संध्याकाळी हटकून सुजत.

म्हातारी बोलत होती. शेजारणीची गाय व्यायली, खोंड झाला, शेजारणीचं तोंड कसं एवढंसं झालं, असं काहीबाही. सून डावा तळवा चोळत होती आणि तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. अंगठ्याखालच्या मांसात एक पांढरा खडा रुतून बसला होता. तिने सुई आणली आणि तो उकरून काढला. रक्त आलं. म्हातारीच्या बोलण्यातली गाय अजून वासराला चाटत होती.

"आई, दुखलं नाही?"

"काय?"

सुनेने खडा तिच्या तळहातावर ठेवला. म्हातारीने तो बोटांत फिरवला, दिव्याकडे धरला.

"तळवा आहे तो," ती शेवटी म्हणाली. "गालाचं कातडं आहे का दुखायला?"

दोन दिवसांनी सून तिला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. "जखम नुसती दाखवून येऊ," एवढंच सांगून. नर्सने म्हातारीला टेबलावर झोपवलं, डोळे मिटायला लावले आणि हातात ताठ नायलॉनचा दोरा घेतला.

"आजी, मी पायाला टोक लावणार. लागलं की हो म्हणायचं."

"हो," म्हातारी म्हणाली.

"अजून लावलं नाही."

मग नर्सने टोक लावलं. म्हातारी थोडं थांबून हो म्हणाली, पुन्हा थांबून हो म्हणाली. माती तुडवताना पाय जसे ठेक्यात पडायचे तशी ती ठेक्यात हो म्हणत होती. नर्सने दोरा वर उचलला आणि नुसती उभी राहिली. म्हातारी म्हणाली, "हो." आणखी थोड्या वेळाने, "हो."

नर्सने सुनेकडे पाहिलं. सुनेने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिला रडू येत होतं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. त्या चांगल्या होत्या, त्यांनी खुर्ची ओढून म्हातारीजवळ घेतली. "आजी, साखरेमुळे पायांतली जाणीव गेली आहे. पाय आता तुम्हाला काही सांगणार नाहीत. म्हणून त्यांना झाकून ठेवायचं. घरातसुद्धा अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. चिखलात तर मुळीच नाही." मग सुनेला म्हणाल्या, "पुढे रुंद, तळाशी मऊ, आतून शिवण नाही, असे बूट बघा. पायाला घट्ट नकोत आणि सैलही नकोत. छोटी जखम चिघळली तर पाय वाचवणं अवघड होईल. हे मी घाबरवायला सांगत नाही."

पण म्हातारी घाबरली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "डोळे मिटायला लावून परीक्षा घेतात. लहान आहे का मी?"

बुटांच्या दुकानात जे झालं ते दवाखान्यापेक्षा वाईट झालं. दुकानात गर्दी होती. पोऱ्या डबे काढत होता आणि मालक स्वतः गुडघ्यावर बसून म्हातारीच्या पायात बूट चढवत होता. पुरेसा लांब बूट गाठीवर अडकायचा. पुरेसा रुंद बूट टाचेतून निघून यायचा. बायकांचे झाले, मग पुरुषांचे आणले. मालकाने पत्र्याची पट्टी लावून एक बूट जोर करून बसवला आणि मग तो निघेना. दोघांनी मिळून ओढला. बाकावरच्या बायका बघत होत्या. एकीने आपल्या मुलीला कोपर मारून दाखवलं. म्हातारीने पाय बाकाखाली ओढून घेतले आणि त्यानंतर ते कुणाला बाहेर काढू दिले नाहीत.

मालक उठला, गुडघे झाडले. "बाई, माझ्याकडे असतं तर दिलं असतं. हे काम कारागिराचं आहे. पुलापलीकडे एक म्हातारा जोडेवाला बसतो, तो पाय बघून शिवतो. त्याच्याकडे जा."

"नाही," म्हातारी म्हणाली. "आज माझे पाय पुष्कळ लोकांनी पाहिले."

घरी आल्यावर सुनेने नवऱ्याला बुटांचं सांगितलं, अनवाणी चालायचं नाही हे सांगितलं. दोऱ्याचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा विचार त्यानेच केला असता. दोऱ्याचं टोक ज्या पायाला कळत नाही, त्याला खडा कसा कळेल? अंगणात टवके उडालेले माठ अजून तसेच पडून होते. सासूला तिच्या मुलासमोर उघडं पाडायचं काम आपल्या हातून व्हावं, असं तिला वाटेना.

पुढच्या खेपेला मुलगा शहरात एकटाच गेला आणि पुलापलीकडच्या जोडेवाल्याला भेटून आला. "पाय आणा, बाकी मी बघतो," असं तो म्हणाला होता. म्हातारीने साफ नकार दिला. मुलाने समजावलं, सून रागावली, काही उपयोग झाला नाही.

"कागदावर पाय ठेवते, रेघ मार आणि घेऊन जा," म्हातारी म्हणाली.

"कागदावर गाठ किती उंच आहे ते कसं कळणार?"

मुलगा बराच वेळ डोकं खाजवत बसला. मग एकदम उठला आणि भिजवलेल्या मातीचा गोळा घेऊन आला. "तू नको येऊस. मी पायच घेऊन जातो."

सकाळची वेळ होती. म्हातारी ओट्यावर बसली आणि मुलगा तिच्यासमोर जमिनीवर. त्याने तिचे पाय तेलाने माखले, मातीची जाड पोळी लाटली आणि डाव्या पायाला तळापासून घोट्यापर्यंत लपेटली. अंगठ्याने ती हळूहळू दाबत गेला. चढलेला अंगठा, गाठ, वाकलेलं बोट, टाच. आईने तुडवलेली माती त्याने जन्मभर हातांत घेतली होती. तिचे पाय आज पहिल्यांदा घेत होता. आपल्याला हे पाय माहीतच नव्हते, असं त्याला वाटलं आणि त्याची मान खाली गेली.

"गुदगुल्या होतात का?" त्याने विचारलं.

"होतात ना," म्हातारी म्हणाली. सून चुलीशी होती, तिने मागे वळून पाहिलं नाही.

दोऱ्याने कापून त्याने साचा दोन भागांत उतरवला, थोडा सुकू दिला, राख भुरभुरवली आणि आत माती भरून पाय काढला. मग उजवा. सुकल्यावर दोन्ही पाय ओट्यावर उभे होते, तेव्हा शेजारीण येऊन बघून गेली. "आता आजींना स्वतः कुठं जायला नको," ती म्हणाली, "पायांना पाठवून द्यायचं." म्हातारीही हसली. कच्चे पाय वाटेत फुटतील म्हणून मुलाने ते भट्टीत भाजून घेतले. लाल, टणटणीत निघाले. एकही टवका उडाला नव्हता. त्या मातीतले खडे त्याने स्वतः दिव्याखाली बसून वेचले होते.

जोडे आले. मऊ चामड्याचे, पुढे रुंद, आत लोकरीच्या नमद्याचा मऊ थर, वर दोन पट्टे. मुलाने ते फडक्यातून काढले तेव्हा त्याचा चेहरा सणाला कपडे आणल्यासारखा झाला होता. म्हातारीने पाय आत सरकवला. थोडा रेटावा लागला.

"नवं चामडं आहे, सैल होईल," मुलगा म्हणाला. "कसे वाटतात?"

"लोण्यासारखे," म्हातारी म्हणाली.

त्यात खोटं एवढंच होतं, की तिला काही वाटतंय. वाटत काहीच नव्हतं. पण मुलगा इतक्या आशेने बघत होता, की तिने अंगणात दोन फेऱ्या मारून दाखवल्या. मग ती रोज चालू लागली. विहिरीपर्यंत, रस्त्यापर्यंत, शेजारणीच्या खोंडापर्यंत. मुलगा चाकावरून मान वर करून तिच्या पायांकडे बघायचा आणि पुन्हा चाक फिरवायचा. एकदा टेकडीवर अर्ध्यापर्यंत जाऊन आली. संध्याकाळी सून पाय धुवायला आली की म्हणायची, "आता धुवायला काय झालंय, मातीत कुठं जाते मी?" आणि मोजे घालूनच झोपायची. सुनेलाही पाठ दुखायची, ती बरं म्हणायची. या "बरं"चं तिला नंतर फार वाईट वाटलं.

कारण एका दुपारी मोज्याचा वास आला. सुनेने बळेच पाय मांडीवर घेतला. जोडा निघेना. पट्टे सोडून, चामडं दोन्ही हातांनी फाकवून तिने तो काढला. मोजा गाठीवर चिकटला होता. पाणी सोडून सोडून तो सुटला, तेव्हा गाठीवरचं कातडं सोलून आत लाल दिसत होतं. वाकलेल्या बोटाचं नख काळं पडलं होतं.

"आई!" ती ओरडली. "अहो, इकडे या! आधी इकडे या!"

मुलगा चिखलाच्या हातांनी धावत आला. पाय पाहून त्याचा रंग उडाला आणि मग राग चढला. "त्या जोडेवाल्याला बघतो मी. पाय दिला होता त्याला, अख्खा पाय!" जोडेवाल्याने जोड्यांबरोबर परत दिलेला, फळीवर ठेवलेला भाजलेला डावा पाय उचलून तो निघालाच होता. निघता निघता, पुरावा बघून ठेवावा म्हणून, त्याने तो आईच्या पायाशेजारी जमिनीवर टेकवला.

मातीचा पाय हुबेहूब होता. तीच गाठ, तोच चढलेला अंगठा. फक्त सगळीकडून लहान होता. लांबीत अंगठ्याच्या पेराएवढा कमी, रुंदीतही चेपलेला. जोडेवाल्याने नेहमीप्रमाणे आत थोडी जागा सोडली होती, म्हणून तर खरा पाय आत गेला तरी.

सगळ्यात आधी म्हातारी बोलली. "अरे कुंभारा," ती म्हणाली, "माती आकसते."

मुलगा मटकन खाली बसला. माठ घडवताना त्याचा हात आपोआप मोठा घडवायचा. सुकताना किती जाईल, भाजताना किती जाईल, हे त्याला विचारही करावा लागत नसे. पण हा पाय त्याने घडवलाच नव्हता, आईच्या अंगावरून तसाच उतरवून घेतला होता. आणि आईचा पाय आकसेल हे त्याच्या डोक्यात येणार तरी कसं? सुनेला हसू फुटलं. म्हातारीही हसायला लागली. हसता हसता सुनेच्या डोळ्यांना धार लागली. मुलगा तेवढा हसला नाही.

"पण तुला चावले कसे नाहीत?" तो म्हणाला. "इतके दिवस?"

म्हातारीचं हसू ओसरलं. सुनेने पाय मांडीवर आणखी घट्ट धरला. आता आपण काही बोलावं का, हे तिला कळेना.

"चावले असतील," म्हातारी म्हणाली. "मला सांगितलं नाही त्यांनी."

"म्हणजे?"

"म्हणजे कळत नाही मला. गेल्या पावसाळ्यापासून. आधी बोटं गेली, मग तळवे. चिखलात उतरले की वाटायचं दुसऱ्याच कुणाच्या पायांवर उभी आहे." ती मुलाकडे बघत नव्हती, अंगणातल्या माठांकडे बघत होती. "टेकडीपलीकडच्या मातीला शिव्या देऊ नकोस. सगळ्याच मातीत खडे असतात. मला लागले नाहीत."

"आई, मग बोलायचं ना!"

"काय बोलायचं? चाळणीला भोक पडलं म्हणून?" तिचा आवाज फाटला. "मग मी इथं बसून करू काय?"

मुलगा उठला आणि लाकडाच्या ढिगाकडे गेला. ढिगामागून त्याने गोणपाटात गुंडाळलेली तारेची चाळणी काढली. जोडेवाल्याला भेटायला गेला त्याच दिवशी त्याने ती आणली होती आणि तेव्हापासून लपवून ठेवली होती. ती त्याने आईसमोर ठेवली आणि चोरी पकडल्यासारखा उभा राहिला.

म्हातारीने तारांवरून बोट फिरवलं. बोटांना अजून कळत होतं. "मोठे खडे अडतील हिच्यात," ती म्हणाली. "बारीक निसटतील. बारीक खड्याला पाय लागतो." मग तिने सुनेच्या पायांकडे पाहिलं. जुन्या रबरी चपला, एकीचा पट्टा तारेने बांधलेला. "तुझे पाय दाखव बघू," ती म्हणाली.

जखम भरायला वेळ लागला. डॉक्टरीणबाई रागावल्या, मुलाने मान खाली घालून ऐकून घेतलं. तेवढे दिवस म्हातारी खाटेवर आणि सून चिखलात. खाट ओढून चिखलाच्या कडेला आणली होती. म्हातारी नुसत्या आवाजावरून सांगायची. "टाच नको आपटू. अंगठ्याच्या मुळाशी घे. भार टाकायच्या आधी विचार, मग टाक." सून चिडायची. "विचारू कुणाला?" "मातीला विचार, मला काय विचारतेस!" पहिल्या दिवशी सुनेला सगळीकडे खडेच खडे लागले आणि वाकून बघावं तर काही नाही. दुसऱ्या दिवशी काहीच लागेना. कंबर धरून ती संध्याकाळी ओट्यावर पडायची, आणि मग म्हातारी खाटेवरून हात लांब करून तिच्या पोटऱ्या दाबायची. सून नको नको म्हणायची, पण पाय काढून घ्यायची नाही.

जखम सुकल्यावर मुलाने पुन्हा मातीची पोळी लाटली. या वेळी संध्याकाळी, पाय सुजलेले असताना. जोड्यांना त्या वेळीही पुरायला हवं, हे सुनेने सुचवलं. मातीचे पाय भाजले नाहीत, वाळवलेही नाहीत. ओल्या गोणपाटात गुंडाळून मुलगा ते मांडीवर घेऊन एसटीत बसला. शेजारच्या बाईने विचारलं, "बाळ किती दिवसांचं?" तो म्हणाला, "आई आहे." बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

जोडेवाल्याने भाजलेला पाय आणि ओला पाय शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि खूप हसला. मग म्हणाला, "चूक माझीही आहे. एवढ्याशा पायावर एवढी जुनी गाठ कशी, असं तेव्हाच वाटलं होतं. विचारायला हवं होतं मी." त्याने दोन्ही पाय ठेवून घेतले. आणि या वेळी जोडे घेऊन तो स्वतः गावाला आला. म्हातारीला उभं करून, बसवून, चालवून त्याने प्रत्येक बोटाजवळ आपलं बोट घालून पाहिलं. एक शिवण उसवून पुन्हा घातली. अंगणात पाय बघायला कुणी जमलं नव्हतं. म्हातारीने पाय लपवले नाहीत.

"कसे आहेत?" मुलाने विचारलं.

"मला काय विचारतोस? तिला विचार," म्हातारी म्हणाली. सुनेने जोडे काढले, तळवे पाहिले, गाठ पाहिली. कुठेही लाल नव्हतं.

"छान आहेत," सून म्हणाली.

जुने जोडे फळीवर पडले होते. दुसऱ्या दिवशी म्हातारीने ते पुसून सुनेपुढे टाकले. "घालून बघ." सुनेने आढेवेढे घेतले, मग घातले. टाच बसली, बोटं बसली, जणू तिच्याच मापाचे. फक्त अंगठ्याच्या मुळाशी एक पोकळ जागा राहिली. तिने तिथे दाबून पाहिलं.

"ही तुमच्या गाठीची जागा आहे, आई. रिकामीच."

"राहू दे. मातीत उभी राहायला लागलीस ना, येईल तुझीही."

आपापले जोडे घालून दोघी टेकडी ओलांडून मातीच्या दरडीपर्यंत गेल्या. वाटेत बसत, पुन्हा उठत. म्हातारीने माती हातात घेतली, चोळली, जिभेवर ठेवली आणि थुंकली. "चांगली आहे," ती म्हणाली. "बिचारीने फार शिव्या खाल्ल्या." ती माती मुलाने आणली, कुटली, चाळली. मग सून जोडे कडेला काढून चिखलात उतरली. म्हातारी आपले जोडे घालून शेजारी बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग सून एकदम थांबली, वाकली आणि दोन बोटांत काहीतरी उचलून सासूच्या तळहातावर ठेवलं. मोहरीहून बारीक होतं. म्हातारीने ते बोटांत फिरवून पाहिलं, बराच वेळ फिरवलं.

"पुढे," ती म्हणाली.

भट्टी लागली, थंड झाली, उघडली. हंगाम संपत आला होता, पण ऊन होतं. अंगणात माठांच्या रांगा लागल्या आणि संध्याकाळी तिघं पुन्हा ओट्यावर बसली. कान लावून. शेजारणीची गाय हंबरली तरी सून दचकत होती. अंधारून यायला लागलं तेव्हा कुठूनतरी आवाज आला. टक.

सुनेचा चेहरा उतरला. "माझ्याकडून एक खडा सुटला," ती म्हणाली.

"माझ्या पहिल्या भट्टीला रात्रभर झोपू दिलं नव्हतं माठांनी," म्हातारी म्हणाली. "सासरे उठून गोठ्यात निजायला गेले होते. तुझा एकच?" ती भिंतीचा आधार न घेता उठली आणि रांगांमधून चालत निघाली, एकेका माठावर हात ठेवत. टवका उडालेला सापडला तेव्हा तिने तो कडेला सरकवला. "हा आपल्या घरात राहू दे. पाणी काही गळत नाही त्यातून."

परत वळताना तिचा पाय जुन्या भट्टीच्या खापरावर पडला. धारेचं, उभं राहिलेलं खापर होतं. ते कडकन मोडलं. म्हातारीला ते फक्त ऐकू आलं.

सून धावत आली. म्हातारीला तिथेच भट्टीच्या कट्ट्यावर बसवून तिने पाय मांडीवर घेतला, पट्टे सोडले, जोडा काढला आणि तळवा दोन्ही हातांनी चाचपला. टाच, भेगा, बोटांच्या मधलं, अंगठ्याखालचं. मुलगा कंदील घेऊन आला. तळवा कोरडा होता, धड होता.

"काही नाही," सून म्हणाली. तिचा श्वास अजून बसला नव्हता.

"मग घाल परत," म्हातारी म्हणाली. "शेवटची रांग बघायची राहिली आहे."